जुन्या ट्रकचे वायरिंग स्वतः बदलताना

डावा इंडिकेटर दिला की त्याच बाजूचा टेललाइटही लुकलुकतो, हेडलाइट लावला की वायपर मंदावतो, आणि पावसाळ्यातल्या एखाद्या सकाळी बॅटरी पूर्ण चार्ज असूनही सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) नुसता ‘टक्’ करून गप्प बसतो. जुना ट्रक सांभाळणाऱ्या बहुतेकांना ही लक्षणे पाठ असतात, आणि बहुतेक जण त्यांवर एकच उपाय करतात: गॅरेजमध्ये जाऊन आणखी एक तार ओढून घेतात. आमच्या घरच्या ट्रकवर हा उपाय इतक्या वेळा झाला होता, की पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या शेडमध्ये आम्ही डॅशबोर्ड उघडला तेव्हा मूळ तारांपेक्षा नंतर जोडलेल्या तारा जास्त निघाल्या. त्यांतल्या काहींना घरगुती चिकटपट्टी गुंडाळली होती आणि दोन तारा कुठेच जात नव्हत्या. अशा गाडीत एकेक दोष शोधत बसण्यापेक्षा सगळे वायरिंग काढून नवे घालणे सोपे असते. मात्र त्यासाठी वायरिंग म्हणजे काय हे आधी नीट समजून घ्यावे लागते, आणि ते समजण्यास आपण मानतो तितके अवघड नाही.

डॅशबोर्डखाली लटकणाऱ्या गुंडाळ्याकडे पाहून घाबरायला होते, कारण डोळ्यांना एकच मोठी वस्तू दिसते. प्रत्यक्षात तिथे पंधरा-वीस स्वतंत्र वर्तुळे (सर्किट) केवळ सोयीसाठी एकत्र बांधलेली असतात. हॉर्नचे एक वर्तुळ, ब्रेकलाइटचे एक, वायपरचे एक, असा हिशेब असतो. प्रत्येक वर्तुळात वीज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून निघते, फ्यूज आणि स्विच यांतून दिव्यापर्यंत किंवा मोटरपर्यंत जाते आणि तिथून बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला परत येते. परत येण्यासाठी बहुतेक ठिकाणी वेगळी तार नसतेच. चासी (गाडीचा लोखंडी सांगाडा), केबिनचा पत्रा आणि इंजिनाचे धूड हीच परतीची वाट असते. यालाच आपण अर्थ म्हणतो. घरातल्या अर्थिंगशी गाडीतल्या या ‘अर्थ’चा काही संबंध नाही, कारण गाडी रबरी टायरांवर उभी असते आणि जमिनीत काहीही जात नाही. ट्रकमधला अर्थ म्हणजे बॅटरीकडे परतण्याचा रस्ता, एवढेच.

जुन्या ट्रकचे निम्म्याहून अधिक विजेचे दुखणे या परतीच्या वाटेवर असते, असे माझे मत आहे. पत्र्यावर दोन-तीन वेळा रंग बसलेला असतो, बोल्टखाली गंज धरलेला असतो, केबिन आणि चासी यांच्यामध्ये रबरी बुश असतात आणि इंजिनही रबरी माउंटिंगवर बसलेले असते. थोडक्यात, ज्या तीन लोखंडी भागांना आपण एकच समजतो ते विजेच्या दृष्टीने एकमेकांपासून तुटलेले असू शकतात, आणि त्यांना जोडणारी विणलेली तांब्याची पट्टी हिरवी पडून निकामी झालेली असते. अशा वेळी वीज थांबत नाही, ती दुसरी वाट शोधते. मागच्या दिव्याचा अर्थ गेला असेल तर इंडिकेटरचा करंट टेललाइटच्या फिलामेंटमधून उलटा शिरून पुढे कुठेतरी अर्थ गाठतो, आणि म्हणून दोन्ही दिवे मंद मंद लुकलुकतात. इंजिनाचा अर्थ गेला असेल तर सेल्फचा प्रचंड करंट क्लचच्या किंवा अॅक्सिलरेटरच्या केबलमधून परतायला पाहतो. सेल्फ मारताना ती केबल हाताला गरम लागली, किंवा कारण नसताना वारंवार जाम होऊ लागली, तर नवी केबल आणण्याआधी इंजिनाची अर्थ-पट्टी पाहावी.

म्हणून नवे वायरिंग घालताना मी सुरुवात अर्थपासून करायला सांगेन. बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक जाड केबल थेट इंजिनाला किंवा गिअरबॉक्सला, दुसरी चासीला, आणि चासीपासून केबिनला एक वेगळी पट्टी घालावी. ज्या जागी लग (तारेच्या टोकाला दाबून बसवायचा धातूचा तुकडा) बसणार तिथला रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडावा, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळावा आणि वरून ग्रीस किंवा वॅसलिन लावावे. मागच्या दिव्यांसाठी पत्र्यावर विसंबू नये. हौद्याच्या मागच्या टोकापर्यंत अर्थची एक स्वतंत्र तार न्यावी. चार-सहा मीटर तारेचा खर्च वाढतो, पण फाळक्याजवळ चिखल आणि पाणी कायमच उडत असते, तिथे गंजक्या बोल्टावर भरवसा ठेवण्यात शहाणपण नाही.

आता तार किती जाड हवी, या प्रश्नाकडे वळू. इथे थोडे गणित आहे, पण ते शाळेतल्या ओहमच्या नियमापलीकडे जात नाही. आधी आपली गाडी १२ व्होल्टची आहे की २४ व्होल्टची, हे पाहून घ्यावे. मोठ्या ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. (अशा ट्रकमध्ये रेडिओसाठी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढण्याची सवय फार पसरलेली आहे आणि ती वाईट आहे; एक बॅटरी उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होते आणि शेवटी दोन्ही लवकर मरतात.) दिव्याच्या वॅटला व्होल्टने भागले की करंट मिळतो. अप्परला (हेडलाइटच्या लांब झोताला) ६० वॅटचे दोन दिवे म्हणजे १२० वॅट; त्याला १२ने भागले की १० अँपिअर. हाच भार २४ व्होल्टच्या गाडीत ५ अँपिअरवर येतो.

तांब्याच्या तारेलाही रोध असतो. १ चौरस मिलिमीटर छेदाच्या तारेचा रोध मीटरला साधारण १८ मिलिओहम धरावा. समजा हेडलाइटची तार बॅटरीपासून डॅशबोर्डवरच्या स्विचपर्यंत येऊन पुन्हा पुढे दिव्यांकडे जाते आणि एकूण ५ मीटर भरते. तर तिचा रोध ९० मिलिओहम होतो, आणि १० अँपिअर वाहू लागले की ०.९ व्होल्ट तारेतच खर्च होतात. ही घट ऐकायला किरकोळ वाटते, पण फिलामेंटच्या दिव्याचा उजेड व्होल्टेजच्या साधारण साडेतीनाव्या घाताने बदलतो. व्होल्टेज साडेसात टक्के घटले तर उजेड जवळजवळ पाव हिश्शाने कमी होतो, आणि व्होल्टेज दहा टक्के घटले तर तीस टक्के उजेड जातो. त्यात जुन्या स्विचचे काळवंडलेले काँटॅक्ट आणि सैल कनेक्टर धरले, तर पुण्याजवळच्या दिवे नावाच्या घाटात रात्री रस्त्याची कड का दिसत नाही, हे कळते. लोक मग १०० वॅटचे बल्ब आणतात. करंट वाढतो, तारेतली घट आणखी वाढते आणि स्विच वितळतो. त्याच ठिकाणी २.५ चौरस मिलिमीटरची तार घातली असती तर घट ०.३६ व्होल्टवर आली असती आणि बल्ब जुनाच चालला असता.

यापुढचा उपाय म्हणजे रिले. मोठा करंट डॅशबोर्डपर्यंत आणायचाच कशाला, हा त्यामागचा विचार आहे. रिलेमध्ये एक छोटे वेटोळे असते. त्याला अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी करंट पुरतो. ते लोहचुंबक बनून आतला मोठा काँटॅक्ट ओढते आणि बॅटरीचा करंट आखूड, जाड तारेने थेट दिव्यांना मिळतो. डॅशबोर्डवरच्या स्विचला फक्त वेटोळ्याचा करंट सांभाळावा लागतो, त्यामुळे जुना, सहज न मिळणारा स्विच आणखी बरीच वर्षे टिकतो. हेडलाइटच्या अप्परला एक, डिपरला (जवळच्या झोताला) एक आणि हॉर्नला एक असे तीन रिले मी कोणत्याही जुन्या ट्रकला घालीन, मग गाडी दिसायला कितीही मूळ स्वरूपात ठेवायची असो. केबिनच्या आतल्या बाजूला ते दिसतही नाहीत.

रिलेवर ३०, ८५, ८६ आणि ८७ असे आकडे असतात. ते कारखान्याने मनाने घातलेले नसून जर्मन मानकातून आलेले आहेत, आणि जुन्या ट्रकवर काम करणाऱ्याला ही आकड्यांची भाषा फार उपयोगी पडते. ३० म्हणजे बॅटरीतून थेट आलेला करंट, १५ म्हणजे चावी फिरवल्यावर मिळणारा, ३१ म्हणजे अर्थ, ५० म्हणजे सेल्फकडे जाणारा, ५६ए म्हणजे अप्पर, ५६बी म्हणजे डिपर, ५८ म्हणजे पार्किंग आणि टेललाइट, ४९ए म्हणजे फ्लॅशरमधून इंडिकेटरकडे जाणारा. टेल्कोने (आजची टाटा मोटर्स) १९५४ मध्ये डाइम्लर-बेन्झशी करार करून ट्रक बनवायला सुरुवात केली, आणि पुण्याजवळ आकुर्डीला बनलेल्या मॅटॅडोर गाडीचे मूळही जर्मनच, त्यामुळे अशा गाड्यांच्या जुन्या स्विचवर हे आकडे दिसले तर आश्चर्य वाटायला नको. ब्रिटिश घराण्यातल्या गाड्यांची भाषा मात्र रंगांची असते: तपकिरी तार थेट बॅटरीची, पांढरी चावीची, निळी हेडलाइटची, लाल टेललाइटची, हिरवी चावीनंतर फ्यूजमधून आलेली आणि काळी अर्थची. पन्नास वर्षे गॅरेजमध्ये फिरलेल्या गाडीत या रंगांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. पिवळी तार संपली म्हणून लाल जोडली, असे कुठेतरी झालेलेच असते.

फ्यूजबद्दल एक गैरसमज सर्वत्र आहे. फ्यूज दिव्याला किंवा मोटरला वाचवण्यासाठी नसतो, तो तारेला वाचवण्यासाठी असतो. तार घासून पत्र्याला टेकली की बॅटरी शेकडो अँपिअर ओतायला तयार असते. त्या करंटने तार लाल होते, तिच्या आजूबाजूच्या तारांचे आवरण पेटते आणि बाकीचे सगळे त्यात जाते. यावरून दोन गोष्टी ठरतात. फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला, कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या तारेला कोणाचेच संरक्षण नसते. आणि फ्यूजचा आकडा नेहमीच्या भारापेक्षा थोडा जास्त, पण तारेच्या कुवतीपेक्षा कमी असला पाहिजे. डाव्या आणि उजव्या हेडलाइटला वेगळे फ्यूज द्यावेत. एका दिव्याला ५ अँपिअर लागतात, त्याला १०चा फ्यूज पुरतो, आणि एक फ्यूज उडाला तरी खंबाटकी घाटाच्या उतारावर संपूर्ण अंधार होत नाही. जुन्या गाड्यांमधले दोन्ही टोकांना टोकदार, उघड्या धातूच्या पट्टीचे फ्यूज काढून पात्याचे फ्यूज बसवावेत. त्यांचे रंग ठरलेले असतात: १०चा लाल, १५चा निळा, २०चा पिवळा, ३०चा हिरवा. फ्यूज उडाल्यावर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळण्याची जी कला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, ती निदान नव्या वायरिंगवर तरी वापरू नये.

खरेदीसाठी पुण्यात फार फिरावे लागत नाही. गाडीची तार, रिले, फ्यूजबॉक्स, कनेक्टर हे नाना पेठेत मिळते. हिट श्रिंक (गरम केल्यावर आकसणारी नळी), मल्टीमीटर आणि क्रिंपिंगची (लग दाबण्याची) पक्कड तपकीर गल्लीत. जुन्या बाजारात एखादा मूळ स्विच किंवा मीटर हाती लागण्याचा आनंद मी नाकारणार नाही, पण तिथून तार घेऊ नये. तार घेताना ‘गाडीची’ असे स्पष्ट सांगून घ्यावी. घरगुती तारही बारीक पदरांची मिळते आणि स्वस्त पडते, परंतु तिचे साधे पीव्हीसी आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंतचे असते. इंजिनाजवळची उष्णता, डिझेल आणि ऑइल यांसाठी ते बनवलेले नसते. दिवे आणि छोट्या कामांसाठी १ आणि १.५ चौरस मिलिमीटर, हेडलाइट आणि हॉर्नसाठी २.५, फ्यूजबॉक्सच्या मुख्य तारेसाठी ६ किंवा १०, असा साठा पुरेसा होतो. सात-आठ रंग घ्यावेत. एकाच रंगाची मोठी गुंडाळी स्वस्त मिळते म्हणून घेतली तर पुढे आयुष्यभर पस्तावायला होते.

काम सुरू करताना पहिली कृती ठरलेली आहे: बॅटरीचे निगेटिव्ह टोक आधी सोडवायचे आणि शेवटी जोडायचे. पॉझिटिव्ह आधी सोडवताना पाना पत्र्याला लागला तर ठिणगी पडते, आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. हातातली अंगठी आणि कडे काढून ठेवावे. मग काहीही उपटण्याआधी भरपूर फोटो काढावेत, प्रत्येक टोकाला चिकटपट्टीवर लिहून चिठ्ठी लावावी आणि जुने वायरिंग न कापता अखंड बाहेर काढावे. हे अखंड काढण्याचे काम कंटाळवाणे आहे, परंतु त्यातच अर्धे यश आहे. ते जुने जाळे प्लायवूडच्या फळीवर पसरावे, प्रत्येक वळणावर आणि फाट्यावर खिळा ठोकावा, आणि मग त्याच खिळ्यांमधून नव्या तारा ओढाव्यात. हार्नेस (वायरिंगचे तयार जाळे) बनवणाऱ्या कारखान्यांतही तारा अशाच फळ्यांवर मांडल्या जातात. प्रत्येक टोकाला वीतभर तार जास्त सोडावी, कारण लांब तार कापता येते.

नव्या तारा एकदम सगळ्या ओढू नयेत. एक वर्तुळ कागदावर काढावे, तेवढेच फळीवर घालावे, दोन्ही टोकांना नाव लावावे आणि मग पुढच्याला हात घालावा. आमच्याकडे माझ्या चुलतभावाने उत्साहाने एका दिवसात सगळ्या तारा ओढल्या आणि पुढचे दोन रविवार कोणती तार कुठली, हे शोधण्यात गेले.

सांधा कसा करावा यावर मतभेद आहेत. जुने कारागीर डाग देण्याच्या (सोल्डरिंगच्या) बाजूचे असतात, आणि डाग नीट दिला तर वीज उत्तमच वाहते. अडचण थरथरीची आहे. वितळलेले कथील तारेच्या पदरांमध्ये शिरते आणि लवचिक तारेचा तेवढा भाग ताठ काडी होतो. डिझेल इंजिनाच्या थरथरीत ती नेमकी त्या काडीच्या कडेला तुटते. म्हणून गाडीत लग योग्य मापाचा घेऊन रॅचेटच्या पकडीने दाबणे अधिक भरवशाचे आहे. साध्या पकडीने चेपलेला लग दाबल्यासारखा दिसतो, पण ओढल्यावर हातात येतो. प्रत्येक लग ओढून पाहावा. वर आतून गोंद असलेली हिट श्रिंक चढवावी. पत्र्याच्या भोकातून तार जाते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी कडी) हवेच, आणि चासीवरून जाणारा भाग कॉरुगेटेड पाइपात घालून हातभर अंतरावर क्लिपने बांधावा, सायलेन्सरपासून दूर.

सेल्फ आणि चार्जिंगचा भाग मात्र वेगळ्या वजनाचा आहे. डिझेल इंजिन फिरवताना सेल्फ काही शेकडो अँपिअर खेचतो. २५० अँपिअरच्या वाटेत फक्त ४ मिलिओहमचा दोष असला तरी एक पूर्ण व्होल्ट तिथे जातो, आणि ४ मिलिओहम साध्या मल्टीमीटरला दिसतही नाहीत. म्हणून या केबली बॅटरीच्या दुकानातून, मापाच्या, यंत्राने दाबलेल्या लगसह बनवून घ्याव्यात. ५० किंवा ७० चौरस मिलिमीटरचा लग घरी नीट दाबला जात नाही. बॅटरी चार्ज करणाऱ्या जुन्या डायनमोबरोबर कटआउट आणि रेग्युलेटरची पेटी असते. डायनमो ठेवायचा असेल तर तिच्या जोडण्या जशाच्या तशा उतरवाव्यात. त्याच्या जागी अल्टरनेटर बसवला असेल तर बॅटरी क्षणभरही उलटी जोडली जाणार नाही याची काळजी घ्यावी, नाहीतर आतले डायोड जळतात. डॅशबोर्डवर अँपमीटर असेल तर चार्जिंगचा सगळा करंट, बहुधा फ्यूजशिवाय, केबिनमध्ये येऊन परत जातो. मोठा अल्टरनेटर बसवल्यावर हा अँपमीटर शोभेपुरता ठेवून व्होल्टमीटर लावणे मला जास्त सुरक्षित वाटते.

सगळे जोडून झाल्यावर बॅटरी थेट लावण्याचा मोह आवरावा. निगेटिव्ह टोक आणि त्याची केबल यांच्यामध्ये इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब जोडावा. सगळे स्विच बंद असताना बल्ब पूर्ण तेजाने पेटला, तर कुठेतरी तार पत्र्याला टेकली आहे. पण बल्बमुळे करंट पावणेदोन अँपिअरच्या वर जात नाही आणि काहीही जळत नाही. फ्यूज एकेक काढत गेल्यावर ज्या फ्यूजला बल्ब विझतो, दोष त्या वर्तुळात असतो. आमच्या ट्रकमध्ये बल्ब पहिल्याच वेळी लख्ख पेटला. तारेचा एक सुटा पदर पत्र्याला शिवत होता.

यानंतरची परीक्षा भाराखाली घ्यावी. मल्टीमीटरची ‘बीप’ फसवी असते, कारण वीसपैकी एकच पदर शिल्लक असलेली तारही बीप देते. त्यापेक्षा हेडलाइट लावून मीटर व्होल्टवर ठेवावा, एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरे बल्बच्या पॉझिटिव्ह पिनेला लावावे. जितके व्होल्ट दिसतील तितके वाटेत हरवत आहेत. तेच निगेटिव्ह बाजूला करावे. दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर काम चांगले झाले. सेल्फ मारताना इंजिनाचे धूड आणि बॅटरीचे निगेटिव्ह यांच्यामध्ये ०.२ ते ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थची केबल पुन्हा उघडावी. इंजिन चालू असताना १२ व्होल्टच्या गाडीत बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसावेत.

कागदावर काढलेल्या त्या सगळ्या वर्तुळांची एक स्वच्छ प्रत करून लॅमिनेट करावी आणि केबिनमध्येच ठेवावी, तारांचे रंग आणि फ्यूजचे आकडे यांसह. शे-दोनशे किलोमीटर झाले की अर्थचे सगळे बोल्ट एकदा आवळून पाहावेत, आणि पहिला मोठा पाऊस होऊन गेल्यावर मागच्या दिव्यांच्या काचा उघडून आत पाणी शिरले आहे का ते पाहावे; शिरले असेल तर दोष तारांचा नसतो, काचेखालच्या रबराचा असतो, आणि ते रबर नाना पेठेतच मिळते.